तेहतीस

"इथे एक सही, मॅडम. आणि इथे खाली."

मैत्रेयीने फॉर्म पुढे सरकवला. पीएच.डी. सोडत असल्याचा. कारणाच्या रकान्यात तिने 'वैयक्तिक' एवढंच लिहिलं होतं.

"बस तरी," डॉ. चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"नको. कंपनीची गाडी गेटपाशी थांबलीय. बाराला गुडगावला हजर व्हायचंय."

"कसली गं कंपनी?"

"अमेरिकेतले डॉक्टर टेपवर बोलतात, ते ऐकून आपण टाइप करायचं. नवी काचेची बिल्डिंग आहे. एसी तर असा, की स्वेटर आणा म्हणाले." ती हसली. "आणि उंदीर नाहीत. आईला तेच सगळ्यात जास्त आवडलंय."

बाईही हसल्या. पेनाचं टोपण त्यांनी काढलं होतं, पण हात पुढे जाईना. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. गुरुवार होता.

गुरुवारी बाईंच्या प्रयोगशाळेत दिवेलागणीपर्यंत जीव मारत नसत. अख्ख्या संस्थेला हे ठाऊक होतं. त्यांचे विद्यार्थी प्रयोग आखताना आधी गुरुवार बघत, मग बाकीच्या सुट्ट्या. प्रयोग तसा साधा होता. उंदराला औषध टोचलं की त्याच्या पेशींमधला डीएनए तुटायला लागतो. पेशी तो सांधत राहते, सांधत राहते आणि एका क्षणी हात टेकून मरणाला लागते. तो क्षण कोणता, हे बाईंनी ठरावीक तासांनी उंदीर मारून, त्यांच्या पेशी तपासून शोधलं होतं. १९८८ सालच्या त्यांच्या पेपरात तो छापला होता : चोवीस तास. त्या पेपरावर त्यांचं नाव झालं. आज दहा वर्षांनी मैत्रेयीला त्याच्या पुढचं काम करायचं होतं, आणि ती पहिल्याच पायरीवर अडून बसली होती.

"माझ्या हातातच काहीतरी गडबड आहे," मैत्रेयी म्हणाली. "अकरा वेळा केलं, मॅडम. दर वेळी चोवीस तासांना पेशी अगदी ठणठणीत. तुम्हाला पहिल्या झटक्यात जमलेली गोष्ट मला दोन वर्षांत जमू नये म्हणजे काय!"

मागच्या दिवाळीत तिने विचारलं होतं, "छत्तीस तासांना बघू का एकदा?" तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "आधी चोवीस नीट जमू दे." मऊ आवाजात म्हणाल्या होत्या. त्या कधी आवाज चढवतच नसत.

"मैत्रेयी, तू चुकलेली नाहीस."

"काय म्हणालात?"

"ते चोवीस तास नव्हते गं. तेहतीस होते."

मैत्रेयी खुर्ची ओढून बसली.

"बुधवारी सकाळी नऊला टोचलं होतं. म्हणजे उंदीर मारायचे गुरुवारी नऊला. मी दिवा लागेपर्यंत थांबले. संध्याकाळचे सहा वाजले."

"आणि पेपरात?"

"सहा, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस, अशी तासांची ओळ होती. मध्येच तेहतीस का, म्हणून विचारलं असतं. परदेशातल्या संपादकाला गुरुवार कसा समजावणार?" बाईंना स्वतःचंच बोलणं ऐकवेना. "वाटलं, नऊ तासांनी असा काय फरक पडतो."

"मला त्यामुळे जमत नाहीये, हे कधी कळलं तुम्हाला?"

आत्ता, असं म्हणता आलं असतं. बाईंनी मान खाली घातली.

"तू छत्तीस तासांचं विचारलंस, त्या दिवशी."

मैत्रेयीचे ओठ हलत होते. ती मनात काहीतरी मोजत होती. वाया गेलेले महिने असतील, असं बाईंना वाटलं.

"सहासष्ट," ती म्हणाली. "अकरा वेळा, सहा-सहा. तुम्ही सहा उंदीर गुरुवारी मारायचे नाहीत म्हणून थांबलात. आणि मी सहासष्ट मारले." तिचा आवाज फाटला. "घरी सांगत सुटले होते मी, माझे हातच रिसर्चचे नाहीत म्हणून!"

खाली हॉर्न वाजला.

"जा बाळ. गाडी निघून जाईल," बाई म्हणाल्या. आणि ती खरंच गेली तर किती सुटल्यासारखं होईल, हेही त्याच क्षणी त्यांना कळलं.

मैत्रेयी हलली नाही. तिने फॉर्म उचलला, उलटा केला आणि कोरी बाजू वर करून बाईंपुढे ठेवला.

"लिहून द्या. त्या जर्नलला."

"देते. सोमवारी व्यवस्थित टाइप करून—"

"आज. आज गुरुवार आहे. आज तुम्ही खोटं लिहिणार नाही."

बाईंनी पेन टेकवलं. हॉर्न पुन्हा वाजला, जरा वेळाने आणखी एकदा, लांबलचक. मग गाडी वळल्याचा आणि गेल्याचा आवाज आला. दोघींपैकी कुणीच खिडकीकडे पाहिलं नाही. बाईंनी पेपराचं नाव लिहिलं, साल लिहिलं, चोवीसच्या जागी ३३ वाचावे असं लिहिलं आणि वर पाहिलं.

मैत्रेयी टेबलापलीकडून उलटी अक्षरं वाचत होती.

"अक्षरात लिहा, मॅडम," ती म्हणाली. "आकडा बदलता येतो."