घायपाताच्या पलीकडे

पोरीनं मेक्सिकोहून टकीला आणली. तीस वर्षं व्हिस्कीच प्यायलेला मी संध्याकाळी बाटली घेऊन तेल्हाऱ्याच्या शेतात एकटाच बसलो. ग्लासात ओतून सवयीनं बोट बुडवून दोन थेंब मातीत उडवले. पोरीनं सांगितलं तसं मीठ चाटलं, घोट घेतला, लिंबू चोखलं. व्हिस्कीपेक्षा वेगळीच, कापलेल्या हिरव्या पानासारखी चव लागली; पण सांगायला शेजारी कोणी नव्हतं. बाटलीवरचं झाड ओळखीचं वाटलं. हे तर घायपात! नऊ वर्षांपूर्वी वाटणीवरून भांडण झालं, तेव्हा दादाच्या आणि माझ्या शेतांमधल्या धुऱ्यावर मीच हे काटेरी कुंपण लावलं होतं. त्याआधी आम्ही दोघं इथंच प्यायचो, दादा स्टीलच्या पेल्यात. पलीकडे दादाच्या खोपीत दिवा दिसत होता. मी उठून धुऱ्याशी गेलो. "दादा, घायपाताचीबी दारू बनते म्हने. चाखून पाह्यतं का?" पलीकडे दादा खोकला. मग काट्यांवरून स्टीलचा रिकामा पेला हळूच पुढे आला.