सही जुळेना

ओमप्रकाशने कार्डामागची सही आणि स्लिपवर दुसऱ्यांदा केलेली सही पुन्हा एकदा शेजारी धरून पाहिली. काही केल्या जुळेना. मागच्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाने "ही सही माझी नाहीच" म्हणून बँकेत हात वर केले होते आणि बँकेने त्या शालूचे पैसे ओमप्रकाशच्या खात्यातून परत कापून घेतले होते. तेव्हापासून सीताबर्डीच्या त्याच्या दुकानात सही पटल्याशिवाय साडी काउंटरवरून हलत नसे.

शिवाय समोरच्या म्हाताऱ्याचं वागणंही खटकत होतं. आल्या आल्या हिरवी साडी मागितली आणि दाखवली ती पहिलीच उचलली. ना पदर उलगडून पाहिला, ना भाव केला. चोरीचं कार्ड असलेल्याचीच अशी घाई असते.

"सही काहून जुळून नाही राहिली, काकाजी? अजून एक डाव करा सही."

म्हाताऱ्याने तिसऱ्यांदा सही केली. तीही वाकडीच आली.

"असं करा, काकूलेच घेऊन या दुकानात. मागून साडी पसंत नाही पडली तं तुम्ही लोक बँकेत तक्रार करता, अन् भुर्दंड मले."

"ते कधीच तक्रार करत नाही गा," म्हातारा कार्डाकडे पाहत म्हणाला. "बायांनी हिरवा चुडा भरला, मळवट भरला. साडीसाठीच थांबल्या आहेत. उन्हं उतरायच्या आत घाटावर न्यायचं आहे तिले."