विमान-विमान

“जिनका टिकट है, वही अंदर जाएंगे,” दारावरचा जवान म्हणाला.

साळूबाई गचकन थांबली. तिचं बोट धरलेली सोनियाही थांबली.

चिकलठाण्याच्या विमानतळावर दुपारची गर्दी होती. मुंबईचं आणि बंगळुरूचं विमान पाठोपाठ सुटणार होतं. ट्रॉल्या एकमेकींना धडकत होत्या. एकाला सोडायला दहा-दहा माणसं आली होती. सुयश तिघांची तिकिटं हातात घेऊन रांगेत उभा होता, त्याच्यामागं त्याची बायको तनुजा. दत्तकाचा हुकूम गेल्या आठवड्यात निघाला होता. सोनिया आता त्यांची मुलगी होती.

“मावशी, तुम्हीच सांगा तिला आत यायला,” तनुजा हळूच म्हणाली. “माझं नाही ऐकत ती.”

साळूबाई शिशुगृहात आया होती. मूळची शेंद्र्याची. मूलबाळ झालं नाही, नवरा गेला, तेव्हा तिथं कामाला लागली. सोनिया आली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती. दूध ओढायचीही ताकद नव्हती तिच्यात. साळूबाईनं तिला कापसाच्या बोळ्यानं पाजलं. न्हाऊ घातलं, चालायला शिकवलं, गोवर निघाला तेव्हा मांडीवरून खाली ठेवलं नाही. आता पोरगी पाच वर्षांची झाली होती आणि बोलायची अगदी साळूबाईसारखंच.

“लेकरू विमानाला घाबरेल, जरा तयारी करून घ्या,” असं शिशुगृहाच्या मोठ्या बाईंनी सांगितलं, तेव्हा साळूबाई स्वतः कधी विमानतळाच्या फाटकातसुद्धा गेली नव्हती. तिनं नर्सच्या फोनवर एक व्हिडिओ बघितला. पहिल्यांदाच विमानानं जाणाऱ्यांनी कुठं काय करायचं, ते त्यात सांगितलं होतं. पाठ होईपर्यंत बघितला. मग जेवणाच्या खोलीत खेळ मांडला. दारात कागद दाखवायचा. टेबलाखालून दप्तर सरकवायचं, ते मशीन. हात पसरून उभं राहायचं, मग साळूबाई अंगावरून लाटणं फिरवायची आणि तोंडानं आवाज काढायची. सोनिया खदखदून हसायची. शेवटी दोन खुर्च्या शेजारी शेजारी. ओढणीचा पट्टा बांधायचा.

“कान दुखले तर?”

“गोळी चघळायची!”

“खाली ढग दिसले तर?”

“टाटा करायचा!”

मग दोघी डोळे मिटायच्या आणि विमान उडायचं.

आता खऱ्या दारात उभं राहून सोनिया तिचा पदर ओढत होती. “मावशे, दाखव की कागद. आपल्याला आत जायचंय.”

साळूबाईच्या तेव्हा ध्यानात आलं. पोरीला सगळं शिकवलं, पण शेजारच्या खुर्चीवर आपण नसणार, एवढं सांगायचं राहून गेलं. राहून कसलं, तिनंच ते पुढं ढकललं होतं. आज नको, उद्या सांगू.

ती खाली बसली. सोनियाच्या फ्रॉकची कॉलर सरळ केली. “तू हो पुढं बाबांसंगं. आत खरंखुरं मशीन हाय बघ, लई मोठं.”

“तू?”

“मी हितं हाय की.”

सोनियानं थोडा विचार केला. मशीन बघायचंच होतं तिला. तिनं सुयशचं बोट धरलं आणि ती आत गेली. जवानानं तिच्याकडं बघून मिशीत हसून घेतलं.

तनुजानं मात्र आपल्यामागच्या माणसाला पुढं जाऊ दिलं. ती साळूबाईजवळ आली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“कसे आभार मानू मावशी तुमचे?”

“आभार कसले ताई. भात मऊ लागतो तिला. वरण पातळ करा. अन् झोपताना पाठीवर हात फिरवावा लागतो.”

तनुजा मान हलवत राहिली. मग म्हणाली, “यांना बाबा म्हणते ती. मला अजून काहीच म्हणत नाही. नुसतं ‘ओ’ म्हणून बोलावते.” ती हसली, पण तिचे डोळे भरून आले. “घाई नाही मला. इतकी वर्षं थांबलेय. तरी सकाळी उठलं की वाटतं, आज म्हणेल.”

साळूबाईला असं वाट बघणं ठाऊक होतं. “म्हणंल,” एवढंच म्हणाली.

तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला.

सोनियाचं दप्तर मशीनमध्ये गेलं होतं. तिनं वळून बघितलं होतं. साळूबाई काचेच्या पलीकडंच उभी होती, आत येत नव्हती. सुयशचा हात हिसडून सोनिया दाराकडं पळत सुटली. जवानानं चटकन हात आडवा धरला. ती त्या हाताला लोंबकळली, पाय आपटू लागली, आणि मग जिवाच्या आकांतानं तिनं हाक मारली.

“आई!”

रांगेतली माणसं वळली. तनुजाचा हात तोंडावर गेला. तिला धड काही दिसतच नव्हतं, पाण्यानं डोळे गच्च भरले होते.

साळूबाईला दिसत होतं. पोरीची नजर तिच्यावर होती. पसरलेला हातही तिच्याकडंच होता.

“आई गं!”

साळूबाईचे ओठ ‘ओ’ द्यायला उघडले. क्षणभर तसेच राहिले.

“मला?” तनुजा म्हणाली. “मावशी, मला म्हणाली का ती?”

साळूबाईनं तोंड फिरवलं आणि तनुजाच्या पाठीवर हात ठेवून तिला दाराकडं लोटलं.

“तर वो ताई! हितं दुसरी कोण हाय आई? जावा लौकर, लेकरू हाका मारतंय.”