योहानचा दगड

दूध घालायला म्हणून योहान बेलापूरला गेला, तो सात वर्षं झाली तरी परतला नव्हता. अपघात, वैर, दुसरी बाई, असे सगळे तर्क लढवून गाव थकलं. शेवटी त्याचा धाकटा भाऊ सॅम्युएल कबरस्तानात लावायला दगड घडवून घेऊन आला. दगडावर नाव होतं, जन्मतारीख होती. मरणाची जागा कोरी होती.

"वैनी, एक तारीख सांगा. कुठलीबी चालंल."

मरियाने दगडावरून हात फिरवला. "तुला ठावं हाय का, ते कधी गेले?"

"न्हाई. पन लोकं विचारत्यात. चर्चमधी दादाचं नाव प्रवाशांच्या प्रार्थनेत घ्यायचं का मेलेल्यांच्या, तेबी कुनाला कळंना. एकदाचा निकाल लागू द्या."

"निकाल तुमाला पायजे. नवरा माझा हाय. उचल त्यो दगड."

वैनी वठणीवर आली, असं सॅम्युएलला वाटलं. दगड उचलून तो कबरस्तानाकडे वळला.

"तिकडं न्हाई." मरियाने दारातल्या पाण्याच्या पिंपाकडे बोट दाखवलं. "हितं ठेव, नाव खाली करून. लई लांबनं येनार हायेत. आल्यावर पाय धुवायला व्हईल."