वाढत्या अंगाचा सूट

"जरा मोठा द्या, वाढत्या अंगाचा," जयवंत म्हणाला. घटस्फोटानंतर लेक आईकडे पुण्याला असायची. मे महिन्यातले आठ दिवस तेवढे त्याचे. यंदा तिला श्वास रोखून समुद्रात बुडी मारायला शिकायचं होतं.

मालवणच्या दुकानातले बावकरकाका हसले. "शाळेचो युनिफॉर्म नाय हो. सैल वेटसूटात थंड पाणी भरतला, चेडू कुडकुडतला. अंगाक चिकटान बसाक होयो. फिन्सपण मऊ घेवा, नवख्या पायांक झेपतले."

"पण पुढच्या मेमध्ये तो बसणार नाही."

"पुढच्या मेमध्ये माझे दहावीचे क्लास आहेत, बाबा," लेक हळूच म्हणाली. "आईने सांगितलं नाही तुला?"

जयवंतने मोठ्या सूटची नीट घडी घालून तो परत ठेवला.

"अंगाबरोबरचाच द्या, काका. आठ दिवस तरी हिला थंडी वाजायला नको."