पुसलेली जागा

उरला या आमच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या धुळीपासून दोन दिवस तरी सुटका व्हावी, म्हणून मी आणि भार्गव डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात आलो. तंबूंच्या त्या लहानशा मैदानावर आमचा एकच तंबू होता.

सकाळी जाग आली तेव्हा कापडातून ऊन झिरपत होतं. पाय खाली टेकवला तर तळवा काळा. मी ओलं फडकं घेतलं आणि तंबूचा तळ पुसायला बसले. घरी कारखान्यांची काजळी रोज दोनदा पुसते. हाताला ती खोडच लागली आहे.

"काहून पुसून राहिली वं?" भार्गवनं पांघरुणातूनच विचारलं.

"काळं झालं ना सगळं."

"इथं कुठून येईल काळं? कारखाने तर तिकडंच राहिले."

माझा हात थांबला. फक्त दाराच्या चेनजवळचा पट्टा पुसायचा राहिला होता. तिथं अनवाणी पावलांचे ठसे होते. अरुंद, लांबट. सगळे आत येणारे.

भार्गव उठून बसला. "जाणारे कुठं आहेत?"

"मीच पुसले असतील."

"जाणारेही इथूनच गेले असते ना."

तो चेन ओढायला लागला. रात्री त्यानंच लावलेली चेन जागची हलेना.

"सुरी दे मले. लवकर."

सुरी मागच्या पिशवीत होती. मी वळले. आत्ताच पुसलेल्या, अजून ओल्या जागेवर एक काळं पाऊल उमटलं होतं. बोटं आमच्याकडे.

"दे ना वं," भार्गव पाठमोराच म्हणाला.

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत दुसरं उमटलं.