पेडव्याचा काटा

मुलगी नोकरीसाठी आयर्लंडला गेली आणि तिची लाडकी स्पॅनियल, फ्लोरी, मालवणात आईबापाकडे राहिली. तेव्हापासून बस्त्याव जेवायला बसला की आधी फ्लोरीला भरवायचा. तिचे लांब कान ताटलीत लोळू नयेत म्हणून ते बायकोच्याच केसांच्या रबराने वर बांधायचा आणि चष्मा लावून पेडव्याचा, त्या काटेरी माशाचा, एकेक बारीक काटा काढायचा. "खा गो बाये, सावकाश खा."

इझाबेल समोर बसून बघायची. एकतीस वर्षांच्या संसारात तिच्या पानातला एक काटा या माणसाने काढला नव्हता.

"माका कधी दिलंस काढून?" एकदा तिने विचारलंच.

"तुका?" बस्त्याव हसत सुटला. "तू दांडीच्या किनाऱ्यार जन्मलंस! तुझ्या तोंडात अख्खो मासो गेलो तरी काटे आपले आपण भायर येतत!"

रविवारी चर्चमधून आल्यावर जेवताना इझाबेलला ठसका लागला. गळा धरून ती खोकतच राहिली. बस्त्यावची पाचावर धारण बसली. त्याने तिला सुक्या भाताचा गोळा गिळायला लावला, पाठ चोळली, मग तिचं पान पुढ्यात ओढून चष्मा चढवला. "आता मी काढून देतंय ताच खा." इझाबेल कधी नव्हे ती निवांत जेवली. फ्लोरीची ताटली मात्र रिकामी ती रिकामीच.



टेबलाखालून इझाबेलकडे एकटक बघणारी फ्लोरी मग खोकली. अगदी इझाबेलसारखीच, घशात काटा नसताना.